सात नंबरचं बटण

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आमच्या निवासाच्या न्हाणीघरात फरशीवर आडवे पडलेले होते. अंगात पूर्ण कपडे, पायांत मोजे, डोळे मिटलेले. डावा हात अंगाखाली अडकलेला आणि उजव्या मुठीत सुपारीएवढं एक पांढरं बटण. मी घाबरून कुणाला तरी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "खाली वाजलं का हो, साहेब?"

वाजलं नव्हतं. ते उठले, पाठीला लागलेलं पाणी तसंच राहू दिलं, खिशातून वही काढून पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि पहारेकऱ्याच्या खोलीतल्या पॅनेलची जागा बदलायला खाली निघून गेले. असं त्या दिवशी चार वेळा झालं. पाचव्या वेळी भोंगा वाजला. मग ते दुसऱ्या न्हाणीघरात जाऊन आडवे झाले.

हे लिहायला कारण आहे. आमच्या मंडळाच्या इतिवृत्तात त्यांच्याविषयी एक ठराव आहे. तो माझ्या अक्षरात आहे आणि तो खोटा आहे. माझं वय आता एक्याऐंशी. ते अक्षर मी आधीच खोडायला हवं होतं. त्याला फार उशीर झाला, म्हणून निदान आता जे घडलं ते जसंच्या तसं सांगतो.

देवासला टेकडीच्या मागच्या अंगाला आमच्या मराठी मंडळानं एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी एक दुमजली इमारत बांधली. सहा खोल्या, सहा माणसं. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, म्हणून मला सचिव केलं. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ पडले आणि दुपारपर्यंत कुणाला कळलंच नाही, तेव्हा समितीनं ठरवलं की प्रत्येकाच्या गळ्यात संकटाचं बटण हवं. दाबलं की तारेशिवाय खाली पॅनेलला कळेल, भोंगा वाजेल, पहारेकरी धावेल. हे काम करणारा माणूस शोधताना कुणीतरी धारच्या एका माणसाचं नाव सुचवलं. जन्मभर बँकांचे आणि कारखान्यांचे भोंगे लावलेला माणूस आहे, जरा विचित्र आहे, पण काम पक्कं करतो, असं म्हणाले.

विचित्र होतेच. धारहून पहिल्या बसनं निघायचे, इंदूरला बस बदलायचे आणि नऊच्या सुमारास हातात पत्र्याची पेटी घेऊन फाटकातून आत यायचे. चहा पुढे केला तर, "वाजल्यावर घेईन," म्हणायचे. वाजेपर्यंत चहावर साय धरलेली असायची. तो तसाच गार चहा बशीत ओतून, आवडीनं प्यायल्यासारखा प्यायचे. बोलणं आमच्या माळव्याचं, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. पहारेकऱ्याला भिया, म्हणजे भैया, म्हणायचे आणि मला साहेब. बाकी सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मीही म्हणायचो. आज ते लिहिताना नको वाटतं.

त्यांचे पणजोबा धारच्या दरबारात नौबत वाजवायचे. ते हे एकदाच बोलले, तेही मी छेडलं म्हणून. मी म्हटलं होतं, तुमच्या घराण्यात आवाज करायचीच परंपरा दिसते. ते हसले नाहीत. म्हणाले, वाजवणारा माणूस ऐकणाऱ्याच्या भरवशावर असतो.

त्या वाक्याचा त्यांच्यापुरता एक अगदी साधा अर्थ होता. भोंग्यांजवळ आयुष्य गेल्यानं त्यांचा डावा कान गेला होता आणि उजव्या कानाला बारीक, उंच स्वर ऐकू येत नसत. माणसाचं बोलणं समजायचं. पण स्वतः लावलेला भोंगा जवळ उभं राहूनही त्यांना नीट ऐकू येत नसे, आणि फोनवरून तर मुळीच नाही. म्हणून ते दर वेळी विचारायचे, "वाजलं?" समोरच्यानं "वाजलं" म्हटलं की पुढचा प्रश्न, "वेळ?" वेळ सांगितली की म्हणायचे, "लिहिलं." तीनच शब्दांचा त्यांचा सगळा व्यवहार. आम्ही त्यांच्या मागे त्याची नक्कल करायचो.

पॅनेलला बटणांची ओळख करून द्यायचा दिवस मला चांगला आठवतो. पॅनेलवर एक कळ धरून ठेवली की ते शिकायच्या स्थितीत जातं. मग बटण दाबायचं, पॅनेल एकदा टिक करतं आणि त्या बटणाला क्रमांक मिळतो. अर्ध्या तासाचं काम. सहाही बटणं टेबलावर ठेवून एकामागून एक दाबली असती तरी चाललं असतं. त्यांनी मात्र सहाही वृद्धांना एकेक करून खाली बोलावलं. गुडघेदुखीवाल्या दोघांसाठी पॅनेल भिंतीवरून काढून, बॅटरीवर चालू ठेवून, वर नेलं. ज्याचं बटण त्यानंच दाबायचं, दुसऱ्यानं नाही, हा त्यांचा नियम होता. मी त्यांना समजावलं की पॅनेलला फक्त लहर कळते, बोट कुणाचं ते कळत नाही. कोणीही दाबलं तरी तेच.

"पॅनेलला तेच आहे, साहेब," ते म्हणाले. "दाबणाऱ्याला नाही."

मग ते प्रत्येकाला विचारायचे, तुम्ही कुठं पडू शकता ते दाखवा. हा प्रश्न ऐकून आमचे एक निवृत्त प्राचार्य भयंकर रागावले. म्हणाले, मी पडत नसतो. त्यावर ते नुसतं "बरं" म्हणाले आणि प्राचार्यांच्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्या सांदीत स्वतःच जाऊन पडले. माणूस खुर्चीत बसून मदत मागत नाही, पडल्यावर मागतो, म्हणून पडून बघावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. जिना, गच्चीचा उंबरा, तुळशीजवळचा निसरडा कोपरा, सगळीकडे ते पडून आले. निवासातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

सचिवाचा गुप्त अंक पॅनेलमध्ये घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी मला कळफलकासमोर उभं केलं आणि स्वतः पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून राहिले. मी म्हटलं, तुमच्यापासून कसलं लपवायचं? तर म्हणाले, तुमचा अंक मला नको. ह्यानं यंत्र चालू-बंद होतं. उद्या काही झालं तर ते तुम्ही केलं की मी, हे पॅनेलला माहीत असायला पाहिजे. पॅनेलच्या पोटात रोजच्या हालचालींची नोंद होत असते, हे मला तेव्हाच कळलं आणि मी विसरूनही गेलो.

आता माईंविषयी सांगतो.

माई तीन नंबरच्या खोलीत राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर. यजमान सरदारपूरला शाळेत मुख्याध्यापक होते, ते गेल्यावर त्या देवासला आल्या. एकुलती एक मुलगी सतवासला शिक्षिका. ती दर रविवारी यायची. माईंचं सोवळं कडक होतं. पहाटे स्नान, मग काठीवर वाळत घातलेलं सोवळं नेसायचं, आणि साडेसहापासून पाऊण-एक तास देवपूजा. खोलीच्या एका कोपऱ्यात लाकडी पडदी उभी करून त्यांनी देवघर केलं होतं.

यंत्र लागून आठवडा झाला तेव्हा ते धारहून तपासणीला आले आणि सगळ्यांना विचारत सुटले की बटण गळ्यातून काढता का, आणि कधी काढता. बाकीचे खोटं बोलले. माई खरं बोलल्या. म्हणाल्या, ते आंघोळीच्या आधीपासून अंगावर असतं, मग ते ओवळंच की. देवाजवळ कसं न्यायचं? ते खुंटीवर टांगून मी पूजेला बसते.

मी ते हसण्यावारी नेलं. त्यांनी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, ह्या वेळी भल्या सकाळी. त्यासाठी आदल्या रात्री धारला न जाता देवासलाच कुणाकडे तरी राहिले असणार. पडदीबाहेर, उंबऱ्याच्या अलीकडे उभे राहून त्यांनी माईंची सगळी पूजा पाहिली. कुठं बसतात, उठताना हात कुठं टेकतात, समईत तेल घालायला कुठं वाकतात. पूजा झाल्यावर म्हणाले, "माई, एक सांगू? देवघराला त्याचं स्वतःचं बटण पाहिजे. तिथंच राहील, सोवळ्यातच. बाहेर येणार नाही."

माईंनी विचार केला. प्लॅस्टिकचं आहे, मग चालेल, म्हणाल्या. पण त्याच्यावर पाणी शिंपडीन.

"थोडं शिंपडा. धुऊ नका."

बटण किती उंचीवर लावायचं ते ठरवायला त्यांनी माईंना देवघरात आडवं व्हायला सांगितलं. मी मध्ये पडणार होतो, पण माईंना त्याची गंमत वाटली. त्या सोवळं सावरून पाटाशेजारी आडव्या झाल्या, आधी उताण्या, मग कुशीवर. ते बाहेरूनच म्हणाले, आता हात लांबवा, जोर लावू नका, सहज जाईल तिथंच. मग बोटाला कुंकू लावून भिंतीला टेकवा. माईंनी टेकवलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर भिंतीवर कुंकवाचा ठिपका उमटला. ते स्वतः आत गेले नाहीत. माईंच्या मुलीला रविवारी बोलावून, तिला बाहेरून सांगत, त्यांनी बटण बरोबर त्या ठिपक्यावर लावून घेतलं. तेच सात नंबर.

त्यानंतर तीन आठवडे ते दर खेपेला माईंकडून सात नंबर दाबून घ्यायचे. डोळे मिटून. डाव्या हातानं. भिंतीकडे पाठ करून. मुलगी एकदा हसत म्हणाली, आईला घरातला मिक्सर चालवता येत नाही, तिला हे कसलं कळणार? त्यावर ते म्हणाले, कळायचं नाहीच आहे, हाताला सवय व्हायची आहे.

मला मात्र सात नंबर सुरुवातीपासून खटकत होता. सहा माणसांना सात बटणं कशाला, आणि एका बाईच्या सोवळ्यासाठी एवढं कौतुक कशाला, असं मी अध्यक्षांजवळ बोललोही होतो. शिवाय दर गुरुवारची तपासणी. सकाळी दहाला त्यांचा धारहून फोन यायचा. मी फोन घेऊन खोल्यांतून फिरायचं, प्रत्येकाला बटण दाबायला लावायचं आणि सांगायचं. "एक?" वाजलं. "वेळ?" दहा वाजून दोन. "लिहिलं. दोन?" असं सातपर्यंत. मला ऐकू येत नाही, साहेब, तुम्ही सांगाल ते मी लिहितो, असं त्यांनी पहिल्याच गुरुवारी स्वच्छ सांगितलं होतं.

पहिले दोन महिने मी फिरलो. मग पावसाळा आला, गुडघे धरले, आणि एका गुरुवारी मी खुर्चीतून न उठताच सातही वेळा "वाजलं" म्हणालो. वेळा मनानेच सांगितल्या. काही झालं नाही. पुढच्या गुरुवारीही तेच केलं. मग ते अंगवळणी पडलं.

पुढं एक अडचण आली. पूजा आटोपली की माई पाट उचलून भिंतीला टेकवून ठेवायच्या. तो कधीकधी नेमका बटणावर टेकायचा. मग सकाळी साडेसातला सगळ्या इमारतीत भोंगा. एका आठवड्यात असं दोनदा झालं. मी धारला फोन केला. ते म्हणाले, पाट अडकवायला भिंतीला एक लाकडी ठोकळा लावू, म्हणजे बटणाला धक्का लागणार नाही. सोमवारी येतो.

त्या बुधवारी निवासात सकाळी सातपासूनच आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. शहरातले डॉक्टर आले होते, गच्चीवर मंडप होता, अध्यक्ष पाहुण्यांचं स्वागत करत होते. तेवढ्यात भोंगा सुरू झाला. पहारेकरी वर धावला, दोन डॉक्टर त्याच्यामागे धावले आणि माई दारात उभ्या, हातात पाट. सगळ्यांसमोर अध्यक्ष मला म्हणाले, सचिव आहात ना, एवढंही सांभाळता येत नाही?

मी खाली गेलो. पहारेकरी वरच होता. मी माझा अंक दाबला आणि सात नंबर बंद केला. सोमवारी ठोकळा लागला की चालू करीन, असं मनाशी म्हटलं. माईंना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. दहाला फोन आला. मी खुर्चीतच होतो.

"सात?"

"वाजलं."

"वेळ?"

"दहा वाजून अकरा."

"लिहिलं," ते म्हणाले. एक क्षण हातात होता. तेव्हा बोललो असतो तर ते पुढची बस धरून आले असते. मी फोन ठेवला.

शनिवारी सकाळी आठला पहारेकऱ्याच्या लक्षात आलं की फुलवालीनं माईंच्या कडीला अडकवलेली फुलांची पुडी तशीच आहे. दार उघडलं. माई देवघरात कुशीवर पडलेल्या होत्या. हात भिंतीशी होता. समई जळत होती. डॉक्टर आले, हृदय बंद पडलं म्हणाले, आणि त्यांनी मुलीला धीर द्यायला म्हटलं की फार वेळ लागला नसेल.

सगळे वर असताना मी खाली गेलो आणि सात नंबर पुन्हा चालू केला.

हे वाक्य मी इतकी वर्षं कुठंही लिहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी समितीची बैठक झाली. त्यांना धारहून बोलावून घेतलं. माईंची मुलगी पांढऱ्या चेहऱ्यानं कोपऱ्यात बसली होती. बटण दाबून पाहिलं तर भोंगा वाजत होता. अध्यक्ष म्हणाले, म्हणजे हे मनाला येईल तेव्हा वाजतं, मनाला येईल तेव्हा नाही. त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. पॅनेल टेबलावर घेऊन त्यांनी त्याच्या पोटातली नोंद उघडली आणि वहीत आकडे उतरवायला लागले. बराच वेळ लिहीत होते. मी समोरच होतो. पेन्सिल एका ठिकाणी थांबली, मग पुन्हा चालू झाली. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली ती थेट माझ्याकडे.

"साहेब, गुरुवारी सात नंबर वाजला होता?"

खोलीत सहा-सात माणसं होती. मी म्हणालो, "वाजला होता."

ते माझ्याकडे पाहत राहिले. राग नव्हता. एखादा आवाज येतोय का म्हणून कान द्यावा, तसं ते थांबले होते. मग त्यांनी वही मिटली, पेटी बंद केली. अध्यक्षांनी विचारलं, काय निघालं त्यात? "यंत्र ठीक आहे," एवढंच ते म्हणाले. जाताना माईंच्या मुलीसमोर थांबून त्यांनी हात जोडले. तिनं तोंड फिरवलं.

ठराव मी लिहिला. यंत्र बसवणाऱ्याच्या हयगयीमुळे, अथवा वापरणाऱ्या व्यक्तीस यंत्राचे ज्ञान नसल्यामुळे, वेळेवर सूचना मिळू शकली नाही. सदर व्यक्तीस यापुढे काम देऊ नये. अशा भाषेची मला नोकरीपासून सवय होती.

आमची माणसं थोडी. धार, देवास, इंदूर, लग्नकार्याला तीच तीच मंडळी भेटतात. सहा महिन्यांत सगळीकडे झालं, तो धारचा मिस्त्री, त्याच्या यंत्रापायी देवासला एक बाई गेली. एका शाळेनं त्यांचं काम काढून घेतलं, मग एका दवाखान्यानं. पुढं ऐकलं की ते भोंग्यांच्या कामाला हात लावत नाहीत, घरी पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतात. गुरुवारी दहाला फोन यायचा बंद झाला. तरीही कितीतरी गुरुवार त्या वेळी मी फोनजवळून उठून जायचो.

मी स्वतःची समजूत घातली होती ती अशी, की खरं सांगितलं तर त्या मुलीला काय वाटेल? तिला वाटतंय आई क्षणात गेली. ते तसंच राहिलेलं बरं. आपल्या भित्रेपणाला मी तिच्या दुःखाचं पांघरूण घातलं होतं.

गेल्या वर्षी माझी पत्नी गेली आणि मी त्याच निवासात राहायला आलो. खालच्या मजल्यावर, एक नंबरच्या खोलीत. ह्या वर्षी मंडळानं जुनं यंत्र काढून नवं घेतलं. दोन माणसं आली, त्यांनी सगळी बटणं टेबलावर ओतली, पटापट दाबून पॅनेलला शिकवली आणि अर्ध्या तासात माझ्या गळ्यात एक अडकवलं. मी विचारलं, मी एकदा दाबून बघू का? त्यातला एक म्हणाला, "जरूरत नहीं अंकल, हो गया." मी ते बटण हातात घेऊन बसलो. त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी धारची बस धरली.

तलावाच्या बाजूला गल्लीत त्यांचं घर आहे. सुनेनं दार उघडलं. ते ओट्यावर एका पंख्याची पाती पुसत बसले होते. ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो आणि सगळं सांगितलं. सून चहा ठेवून गेली. तो तसाच राहिला.

ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "हे मला माहीत आहे, साहेब. नोंदीत शून्य एक म्हणजे तुम्ही. बुधवारी बंद, शनिवारी आठ वाजून वीसला चालू."

मी विचारलं, मग तेव्हा का बोलला नाहीत? तुमचं सगळं गेलं.

त्यांनी पाती खाली ठेवली. "मुलगी बसली होती तिथं. बंद केलं तरी बटणाची लहर पॅनेलला पोचते, नोंद होते, फक्त भोंगा वाजत नाही. माईंनी अकरा वेळा दाबलं होतं. ते मी तिच्यासमोर वाचायचं?" मग म्हणाले, "आणि खरं सांगायचं ते बटण माझं नव्हतं. तुमचं होतं. मी विचारलं तुम्हाला."

मी म्हटलं, आता दाबलं.

"इथं?" ते म्हणाले. "देखो साहेब, इथं दाबून काय? इथं भोंगा कुठाय?"

आत जाऊन त्यांनी जुन्या वह्यांचा गठ्ठा काढला. एक वही शोधली, त्यातलं पान जपून फाडलं आणि माझ्या हातात दिलं. वही फाडताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या मंगळवारी मी सतवासला गेलो. लोहारद्याला बस बराच वेळ उभी होती. तिथून मागे फिरता आलं असतं, हा विचार मनात आला, हेही सांगून टाकतो. माईंची मुलगी शाळेतून निवृत्त होऊन आता तिथंच राहते. तिनं मला आदरानं आत घेतलं, पाणी दिलं, काका, एवढ्या उन्हात कसे आलात, म्हणाली. मी पाणी न पिता सांगायला सुरुवात केली. थांबलो तर पुढं बोलता येणार नाही, म्हणून एका दमात सांगितलं. मग ते पान तिच्यापुढं ठेवलं.

पेन्सिलीचे आकडे पुसट झाले होते. सहा एक्केचाळीस. सहा एक्केचाळीस. सहा बेचाळीस. ती बोट ठेवून एकेक वाचत गेली. शेवटचा आकडा सात वाजून चारचा होता. ती पुन्हा वरून वाचायला लागली. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, ती उठून गॅस बंद करून आली आणि परत तिथंच बसली.

मग म्हणाली, "काका, मला इतकी वर्षं वाटत होतं की आईला आयत्या वेळी सुचलंच नाही. मीच तिला चिडवायचे, तुला यंत्र कळायचं नाही म्हणून."

तिनं ते पान जवळ ओढलं.

"तिला सुचलं होतं," ती म्हणाली. "अकरा वेळा सुचलं. त्यांनी तिला नीट शिकवलं होतं. आणि मी त्यांच्याकडे पाठ फिरवली."

नंतर ती माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाली की तुम्हाला क्षमा करणं मला जमेल असं वाटत नाही, निदान आज तरी नाही. पण पाणी प्या. ते पान तिनं स्वतःकडे ठेवून घेतलं. धारचा पत्ता विचारून लिहून घेतला. इतिवृत्ताचं काय करणार, असं विचारलं. मी सांगितलं की समितीला पत्र दिलं आहे, पुढच्या सभेत ते मी स्वतः उभा राहून वाचणार आहे, आणि हे सगळं लिहून ठरावाच्या पानाला जोडणार आहे. ती बरं म्हणाली.

पाणी पिऊन बाहेर आलो. बसस्थानकावर एका टपरीच्या सावलीला बाकावर बसलो आणि धारला फोन लावला. सुनेनं उचलला. मी म्हटलं, देवासचा साहेब बोलतोय, त्यांच्या उजव्या कानाला लाव. थोडी खरखर झाली. मग त्यांचा श्वास ऐकू आला.

मी म्हणालो, "वाजलं."

पलीकडे बराच वेळ काही नव्हतं. मला वाटलं ऐकू गेलं नसावं. मी पुन्हा बोलणार, तेवढ्यात त्यांचा आवाज आला.

"वेळ?"

मी स्थानकाच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मग स्वतःच्या मनगटावरचंही पाहून खात्री करून घेतली.

"अकरा वाजून अडतीस."

"लिहिलं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.